हार्मोनची गोळी लागू पडणं बंद झालं तर ऑपरेशनच्या गाठीचा जुना ब्लॉक सांभाळून आणा

आपल्या कलेक्शन सेंटरवर ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटचे घरचे लोकं एकच विचारून राहिले, का लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी इतके वर्षं मस्त लागू होती मग गाठ परत आलीच कशी, गोळी डुप्लिकेट होती काय? नाही जी, गोळी बरोबरच होती, कॅन्सरच्या पेशीनं तिच्यातून रस्ता काढला.

रिपोर्टमधे ईआर पॉझिटिव्ह लिहून असंल तर त्या पेशीत इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर असते, हार्मोन त्याले चिकटला का सायक्लिन डी१, मिक असे वाढीचे जीन चालू होतात. वावरातल्या मोटरचा स्टार्टर समजा. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनूच देत नाही, म्हणजे बटन दाबणाराच नाही, टॅमोक्सिफेन रिसेप्टरवर जाऊन बसते म्हणजे बटनावर झाकण. पण काही पेशंटमधे ईएसआर१ नावाच्या जीनमधे बदल होते आन मग स्टार्टर डायरेक्ट जोडल्यासारखा, कोणी दाबो न दाबो मोटर चालूच. हा बदल पहिल्या गाठीत सहसा सापडत नाही, लेट्रोझोलसारखी गोळी बरेच दिवस चालल्यावर दिसते, म्हणून जुन्याच रिपोर्टवर नवीन औषध ठरवू नये असं आमचं मत आहे.

फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन हा रिसेप्टरच मोडते, त्याच्या भरवशावर चालणारे जीन थंडे पडतात. कमरेत दोन्हीकडे २५०-२५० मिग्रॅ देतात, दुखते थोडं. पाल्बोसिक्लिबची गोळी सीडीके ४/६ नावाचे पेशीतले प्रोटीन अडवते, एका पेशीच्या दोन व्हायले लागणारे जीन बंद राहतात, २१ दिवस खायची ७ दिवस सुट्टी, पण पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, चुकवू नका, ती इथंच होते. २०२३ मधे भारतातलं पेटंट संपल्यापासून पाल्बोसिक्लिबच्या दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्याही निघाल्या.

आता ब्लॉकचं. ऑपरेशनच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत देतात, लोकं त्याले कचरा समजून फेकतात! मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवाल तर मेण पाघळते, कापडात गुंडाळून सावलीत आणा. ईएसआर१ रक्तातूनही पाहता येते, पण त्याची ट्यूब वेगळी, ती फ्रीजमधे ठेवायची नसते.

औषध कोणतं ते नागपूर-सेवाग्रामचे डॉक्टरच ठरवतील, आम्ही सॅम्पल घेऊन पाठवतो. येताना ऑपरेशनची फाईल आन चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा, अर्ध्या खाल्लेल्या असल्या तरी चालते.