‘निनावी’ म्हणजे नक्की काय? चाचण्यांच्या डेटाची पार्श्वभूमी

औषधांच्या चाचण्यांमधला मूळ, माणसागणिक डेटा इतर संशोधकांनाही मिळावा, हे आता तत्त्वतः कुणी नाकारत नाही. घोडं अडतं ते ‘निनावी’ या शब्दापाशी.

मागणी जुनी आहे. १९८०च्या दशकातच स्तनाच्या कर्करोगावर चाचण्या करणाऱ्या अनेक गटांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र आणल्या होत्या. तो मामला परस्परविश्वासाचा होता. २००५मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी चाचणीची आगाऊ नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे चाचणी झाली एवढं कळू लागलं, आत काय सापडलं ते गुलदस्त्यातच राहिलं.

त्याची किंमत फ्लूवरच्या एका औषधाने दाखवून दिली. २००९च्या साथीत सरकारांनी त्याचे प्रचंड साठे केले. पुराव्याची फेरतपासणी करणाऱ्या गटाला चाचण्यांचे पूर्ण अहवाल मिळवायला २०१३ उजाडलं. २०१४मध्ये निष्कर्ष आला: प्रौढांमध्ये लक्षणं सुमारे १७ तास लवकर कमी होतात, पण रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण घटल्याचा पुरावा नाही.

या प्रकरणानंतर वातावरण बदललं. युरोपच्या औषध नियामकाने २०१४मध्ये अहवाल खुले करण्याचं धोरण स्वीकारलं. जानेवारी २०१६मध्ये नियतकालिकांच्या संपादकांनी मसुदा मांडला, की लेख छापून आल्यावर सहा महिन्यांत त्यामागचा डेटा द्यायचा. जून २०१७मध्ये अंतिम नियम आला तेव्हा त्यातली सक्ती गळाली होती. डेटा देणार की नाही, याचं निवेदन जोडलं की पुरे. ‘देणार नाही’ असं लिहिलं तरी चालतं. माझ्या मते ही सरळ माघार होती.

माघारीला कारणं बरीच होती. त्यातलं सहभागींच्या ओळखीचं कारण मात्र खरोखर अवघड आहे. डेटा फाइलमधली एकच ओळ घ्या. नाव नाही, फक्त क्रमांक. बाई, वय ९१, औषध सुरू केल्याची तारीख, अंगावर पुरळ उठल्याची तारीख. अमेरिकेतल्या आरोग्य-गोपनीयतेच्या नियमात एक ठरावीक यादी आहे. तिच्यानुसार १८ प्रकारचे तपशील काढले की डेटा ओळखमुक्त मानला जातो. मग ९१चं ‘९० किंवा अधिक’ होतं आणि तारखांमधलं फक्त वर्ष उरतं. पण पुरळ कितव्या दिवशी उठलं हेच कळलं नाही, तर औषधाच्या त्रासाचा अभ्यास करायचा कसा? म्हणून तारखांऐवजी ‘चाचणीचा १२वा दिवस’ असं लिहितात, किंवा एका व्यक्तीच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवतात. अंतर टिकतं, खरी तारीख लपते.

एवढं करूनही क्रमांक आणि नावं यांची जुळणी करणारी यादी चाचणी करणाऱ्या डॉक्टरांच्या कपाटात असतेच. ती तिथे असावी असा चाचण्यांचाच दंडक आहे. उद्या औषधात दोष निघाला तर त्या बाईंना शोधणार कसं? आणि २०१८पासून लागू झालेल्या युरोपच्या डेटा-कायद्याप्रमाणे, अशी यादी जपून क्रमांक दिलेला डेटा निनावी नसतो, वैयक्तिकच असतो. म्हणजे एकच फाइल एका खंडात मोकळी आणि दुसऱ्या खंडात कायद्याच्या कक्षेत. संशोधक मात्र दोन्हीकडे सर्रास ‘निनावी डेटा’ म्हणत राहिले, आणि संमतीपत्रांतही तोच शब्द गेला. सही करणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मला कुणीही शोधू शकणार नाही’ असाच वाटणार.

सप्टेंबर २०२५मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. खटला चाचण्यांचा नव्हता, पण प्रश्न हाच होता. ज्याच्याकडे यादी नाही आणि ओळख पटवण्याचा वाजवी मार्गही नाही, त्याच्यापुरता असा डेटा वैयक्तिक ठरेलच असं नाही, असं न्यायालय म्हणालं. डेटा मागणाऱ्यांनी हा भाग लगेच उचलून धरला. त्याच निकालात दुसरीही गोष्ट आहे. माहिती पुढे कुणाकडे जाणार हे ती घेतानाच माणसाला सांगायचं असतं, आणि ती मुळात गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने वैयक्तिकच असते. जुन्या चाचण्यांच्या बऱ्याच संमतीपत्रांत मात्र ‘माहिती गुप्त ठेवली जाईल’ एवढंच लिहिलेलं आहे.