ठिपक्यांमधलं भोक खरं की योगायोगाचं?

डोळे मिटून कागदावर पेन्सिलने शंभरेक ठिपके मारा आणि मग डोळे उघडून बघा. ठिपके कधीच सारखे पसरलेले नसतात, एका कोपऱ्यात नुसती गर्दी, मधेच मोठी मोकळी जागा, आणि कुठेतरी आठ-दहा ठिपके असे बसलेले असतात की त्यांचं चक्क गोल कडं झालेलं दिसतं. हे कडं तुम्ही काढलेलं नाही, ते आपोआप झालंय. पण समजा हेच ठिपके एखाद्या प्रयोगातून आलेला डेटा असता, तर ते कडं बघून काय म्हणायचं, काहीतरी सापडलं की नुसता योगायोग?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो लहान मुलालाही कळतो आणि त्याचं नीट उत्तर द्यायला मात्र गणितातल्या दोन शाखा एकत्र याव्या लागल्या.

पहिली शाखा टोपॉलॉजी. आकार ताणला, दाबला, वाकवला (फाडायचा किंवा चिकटवायचा नाही फक्त) तरी जे बदलत नाही त्याचा अभ्यास. म्हणजे तुकडे किती, भोकं किती, आत बंद पोकळ्या किती. अंगठीचा एक तुकडा आणि एक भोक. फुग्याला तसलं भोक नाही पण आत एक पोकळी आहे. सायकलची ट्यूब घ्या, तिचा तुकडा एक, पोकळी एक, आणि न सुटणारे फेरे दोन, एक लांबून चाकाभोवती फिरणारा आणि एक ट्यूबच्या जाडीभोवती. या आकड्यांना बेट्टी नंबर म्हणतात, इटलीचे गणितज्ञ एन्रिको बेट्टी यांच्यावरून, आणि हे नाव दिलं फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेने.

आता अडचण अशी की डेटा म्हणजे सुटे ठिपके, आणि सुट्या ठिपक्यांना कसलं भोक? शंभर ठिपके म्हणजे शंभर वेगवेगळे तुकडे, विषय संपला. म्हणून युक्ती अशी करतात की प्रत्येक ठिपका म्हणजे टीपकागदावर पडलेला शाईचा थेंब समजायचा आणि तो हळूहळू पसरू द्यायचा. डाग मोठे होतात, एकमेकांना टेकतात, तुकडे कमी होत जातात, कधीतरी डागांचं एक कडं पूर्ण जुळतं आणि मधे भोक तयार होतं, मग डाग अजून वाढले की ते भोक बुजतं. डाग किती मोठा झाल्यावर कुठलं भोक जन्मलं आणि किती मोठा झाल्यावर मेलं, दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. प्रत्येक भोकाची एक आडवी पट्टी काढायची, जन्मापासून मरणापर्यंत. सगळ्या पट्ट्यांना मिळून बारकोड म्हणतात आणि या पद्धतीला पर्सिस्टंट होमॉलॉजी. २००० च्या सुमारास एडेल्सब्रुनर, लेट्शर आणि झोमोरोडियन यांनी हे कॉम्प्युटरवर कसं काढायचं ते दाखवलं. डाग किती मोठा धरायचा हा वाद यात मिटतोच, कारण सगळेच आकार बघायचे, एक कुठला निवडायचाच नाही! मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते. आणि ठिपके थोडेसे इकडेतिकडे सरकले तर पट्ट्याही थोड्याशाच सरकतात, हेही सिद्ध झालेलं आहे, नाहीतर मोजमापातल्या बारीकसारीक चुकांनी सगळंच कोसळलं असतं.

याने खरंच काही सापडतं का, तर हो. उंदराच्या मेंदूत ग्रिड सेल नावाच्या पेशी असतात, उंदीर मोकळ्या जागेत फिरताना अशी प्रत्येक पेशी ठरावीक ठिकाणांवर पेटते (म्हणजे विजेचे सिग्नल सोडते) आणि ती ठिकाणं षटकोनी जाळीत बसलेली असतात. २००५ मध्ये त्या नॉर्वेत सापडल्या आणि २०१४ चं नोबेल ज्या कामाला मिळालं त्यात हा शोध होता. नंतर २०२२ मध्ये तिथल्याच गटाने शेकडो ग्रिड सेल एकाच वेळी रेकॉर्ड केल्या. प्रत्येक क्षणी शेकडो पेशींचे शेकडो आकडे, म्हणजे शेकडो मितींच्या जागेत एक ठिपका, आणि असे असंख्य क्षण. एवढ्या मितींचं चित्र काढून बघणं कुणालाच शक्य नाही, पण बारकोड काढता येतो. काढला तर दोन लांब फेरे आणि एक पोकळी, म्हणजे थेट आपली सायकलची ट्यूब! उंदीर झोपला तरी तोच आकार राहिला. मेंदूतल्या पेशींच्या पेटण्याचा आकार भोकं मोजून कळला, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचलं.

पण लांब पट्टी म्हणजे किती लांब? इथे दुसरी शाखा येते, रँडम जॉमेट्री, म्हणजे वाटेल तशा पडलेल्या ठिपक्यांची भूमिती. १९६१ मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट यांनी विचारलं होतं की प्रतलावर (म्हणजे सपाट पृष्ठभागावर) ठिपके वाटेल तसे टाकले आणि ठरावीक अंतराच्या आत येणारे जोडले तर जाळं कधी दूरवर पसरतं? उत्तर मजेशीर आहे, प्रत्येक ठिपक्याला सरासरी साधारण साडेचार शेजारी झाले की. त्याच्या खाली सगळी सुटी बेटं, त्याच्या वर एकदम एक अफाट जाळं. योगायोगालाही शिस्त असते ती अशी.

भोकांच्या बाबतीत हीच शिस्त बोब्रोव्स्की, काहले आणि श्क्राबा यांनी २०१७ मध्ये शोधली. त्यांनी पट्टीची लांबी वजाबाकीने मोजली नाही, मरणाच्या आकड्याला जन्माच्या आकड्याने भागलं. मग निव्वळ योगायोगाने होणारं सगळ्यात टिकाऊ भोक किती टिकतं? तर प्रतलात ते ठिपक्यांच्या संख्येचा लॉग (लॉगरिदम, संख्या कितीही पट झाली तरी अगदी हळू वाढणारा आकडा) भागिले त्या लॉगचा लॉग, या हिशोबाने वाढतं. हे फारच हळू आहे. हजार ठिपक्यांच्या जागी एक कोटी टाका, म्हणजे दहा हजार पट, तरी हा हिशोब साधारण १.६ पटच होतो. आता खरं भोक बघा, म्हणजे ठिपके खरोखरच मधे भोक असलेल्या चकतीतून आलेत. ते भोक बुजायला लागणारा डाग तेवढाच राहतो, भोक काही लहान होत नाही, पण ठिपके दाट झाले की कडं मात्र लवकर जुळतं, जन्माचा आकडा घटत जातो, आणि तेच दहा हजार पट ठिपके घेतले तर भागाकार साधारण शंभर पट होतो. एकीकडे १.६ पट, एकीकडे शंभर पट. डेटा वाढेल तसा योगायोग मागे पडत जातो आणि खरं भोक पुढे येतं, आणि हे आता डोळ्यांनी अंदाज करून सांगायची गरज नाही, प्रमेय आहे.

एक दुबळी बाजू आहे ती सांगायलाच हवी. रिकाम्या भागाच्या बरोबर मध्यावर एक चुकीचा ठिपका पडला तरी त्याचा डाग आतून पसरतो आणि भोक जवळपास अर्ध्या वेळात बुजतं. एकच ठिपका! म्हणून विरळ, एकट्या ठिपक्यांना कमी वजन द्यायच्या पद्धती निघाल्या, पण त्यात किती शेजारी धरायचे हे पुन्हा माणसालाच ठरवावं लागतं.

आणि मग २०२३ मध्ये बोब्रोव्स्की आणि श्क्राबा यांनी जे मांडलं ते मला अजून पचलेलं नाही. त्यांनी हे सगळे भागाकार घेतले, त्यांचा दोनदा लॉग काढला, सरासरी जुळवून घेतली आणि त्यांचा आलेख काढला. ठिपके चौकोनातून घ्या, गोलातून घ्या, प्रत्यक्ष मोजलेल्या डेटातून घ्या, मिती बदला, योगायोगाच्या भोकांचा आलेख दर वेळी तोच, संख्याशास्त्रात ज्याला गुम्बेल वितरण (एका बाजूला लांब शेपूट असलेला ठरावीक आकाराचा आलेख) म्हणतात त्याची उलटी प्रतिमा. म्हणजे डेटा कुठून आला हे माहीत नसतानाही एखादी पट्टी योगायोगात बसते की नाही याची शक्यता काढता येते. मात्र हे त्यांनी अनुमान म्हणून मांडलं, प्रयोगांच्या ढिगाच्या आधारावर, सिद्धता न देता. चौकोनाचे ठिपके आणि गोलाचे ठिपके एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी त्यांची खोटी भोकं एकाच मापाने का जन्मतात आणि का मरतात, हे त्या प्रयोगांतून दिसतं पण उलगडत नाही.