हवा शिरते, पण निघते कुठून?

एप्रिलमधला रविवार, सिन्नरच्या बाजूचा एक माळ. मित्राचं रिमोटवर चालणारं मोठं विमान, 50 सीसीच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचं, पाचव्या मिनिटाला घुसमटल्यासारखं झालं आणि हवेतच बंद पडलं. कसंबसं तरंगत खाली आणलं. थोडा वेळ सावलीत ठेवल्यावर पहिल्या झटक्यात सुरू! इंजिन तापतंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. मित्रानं घरी जाऊन काउलचं, म्हणजे इंजिनावरच्या फायबरच्या टोपणाचं, पुढचं तोंड कापून जवळपास दुप्पट केलं. पुढच्या रविवारी विमान चौथ्या मिनिटालाच बंद पडलं.

जुन्या नाशकातल्या वाड्यात राहिलेल्यांना यातली गोम पटकन कळेल. एकाच भिंतीला चार खिडक्या पाडल्या तरी खोलीत वारा खेळत नाही. समोरच्या भिंतीत झरोका लागतो.

थोडा हिशोब करू. समजा, इंजिनाच्या फिन्सवरून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांवरून, 2 किलोवॅट उष्णता काढून न्यायची आहे, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरएवढी. जाता जाता हवा 30 अंशांनी तापली तर चालेल असं धरलं, तर सेकंदाला साधारण 65 लीटर हवा पुरते. विमानाचा वेग ताशी 72 किलोमीटर असेल आणि हवा त्याच वेगानं आत शिरली, तर त्यासाठी व्हिजिटिंग कार्डाहून लहान भोक बास. प्रत्यक्षात फिन्स अडवतात म्हणून थोडं मोठं लागतं, पण मित्रानं केलं तेवढं नक्कीच नाही.

हवेला ढकलणारा जोर मात्र फार तुटपुंजा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरचं नाशिक, त्यात 40 अंशांचं ऊन. इथली उन्हाळी हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा, सुमारे 14 टक्के विरळ असते. ताशी 72 किलोमीटर वेगाला तिचा दाब भरतो जेमतेम 2 सेंटीमीटर पाण्याच्या थराएवढा. एवढ्या भांडवलावर तिला फिन्सच्या बारीक फटींतून घालवायचं आहे. बाजूनं मोकळी वाट दिसली तर ती फटींत कशाला शिरेल? सिलिंडरला वळसा घालून ती सरळ निघून जाते. काउलमधून हवा भरपूर वाहते, इंजिन तापलेलंच राहतं.

मित्रानं तोंड वाढवलं तेव्हा याहून वाईट झालं. जास्तीची हवा बाजूनं घुसून सिलिंडरच्या मागे साचली आणि तिथला दाब वाढला. फिन्समधून हवा वाहते ती पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकामुळे. तो फरकच आटला.

उपाय म्हणजे बॅफल, हवेला नको तिकडे जाऊ न देणारी आडभिंत. 2 मिलिमीटरच्या प्लायची किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, सिलिंडरला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी. फिन्सपासून चार-पाच मिलिमीटर अंतर सोडायचं आणि मागच्या अंगाला वाट ठेवायची. मागची बाजू महत्त्वाची. पुढून वारा लागतोच, पण मागचं अंग तापून राहिलं की सिलिंडर असमान फुगतो आणि पिस्टन घासायला लागतो. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर रोखायचा तो मागच्या फिनवर. बहुतेक जण पुढून मोजतात आणि खूश होतात.

बाहेरची वाट आतल्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट हवी, हे मैदानावर कुणीही सांगतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: गरम हवा फुगते. फुगते, पण 30 अंशांनी फार तर 10 टक्के. खरं कारण असं, की फिन्समधून बाहेर पडेपर्यंत हवेचा बराचसा जोर संपलेला असतो. दमलेल्या हवेला तेवढ्याच वेळात बाहेर पडायचं तर दार मोठं लागणारच. ते काउलच्या खालच्या मागच्या बाजूला असावं आणि त्याच्या पुढच्या कडेला बाहेर झुकलेली छोटी पट्टी असावी. तिच्यामागे दाब उतरतो आणि आतली हवा ओढली जाते. विमानाच्या काचेच्या पायथ्याशी मात्र हे भोक कधीही पाडू नये. तिथे दाब जास्त असतो. मोटारीत केबिनसाठी बाहेरची हवा तिथूनच आत घेतात, ती उगीच नव्हे.

काउलच काढून टाका, उघडं इंजिन थंड राहील, असाही सल्ला मित्राला मिळाला. तसं समजणारा हा सल्लागार एकटाच नव्हे. 1920च्या दशकात खऱ्या विमानांचीही एअर-कूल्ड इंजिनं वाऱ्यात उघडीच असत. 1928 मध्ये अमेरिकेच्या नाका या सरकारी विमान-संशोधन संस्थेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिन पूर्ण झाकणारं काउल तयार केलं. हवेला आतून नेमक्या वाटेनं फिरवून बाहेर काढलं. कर्टिस एटी-5ए विमानाचा कमाल वेग ताशी 190 किलोमीटरवरून 220 वर गेला, तेही इंजिन न बदलता. ओझरला मिग आणि सुखोई तयार होताना पाहिलेल्या या जिल्ह्यात हा किस्सा सांगितला की लोक लक्ष देऊन ऐकतात.

मित्रानंही ऐकला. पुढचं वाढवलेलं तोंड अर्धं बुजवलं, प्लायचे बॅफल बसवले, खालची वाट मोठी केली आणि तिच्या कडेला लोकरीचे धागे चिकटवले. इंजिन चालू होताच धागे बाहेरच्या दिशेला ताठ झाले. मे महिन्याच्या उन्हात टाकीतलं पेट्रोल संपत येईपर्यंत विमान उडालं. बुजवलेल्या भागाचा रंग तेवढा उरलेल्या काउलशी जुळलेला नाही, आणि तो जुळवायला मित्राला अजून वेळ मिळालेला नाही.