'एसडीए' म्हणजे कायम पहिलीच डिस्क, असे नाही

"लिनक्समध्ये पहिल्या पोर्टवरची डिस्क नेहमी एसडीएच (sda) असते, म्हणून एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणारी फाइल, /etc/fstab) तेच नाव लिहा," असा सल्ला वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतो. एकच डिस्क असलेल्या मशीनवर तो बहुधा खरा ठरतो, म्हणूनच टिकून आहे.

प्रत्यक्षात कर्नल (लिनक्सचा गाभा) पोर्ट पाहून नाव देत नाही. जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, पुढची एसडीबी. डिस्क ज्यांना जोडलेल्या असतात ते वेगवेगळे कंट्रोलर एकाच वेळी तपासले जातात, त्यामुळे पेनड्राइव्ह लावलेला असला किंवा एखादी डिस्क उशिरा जागी झाली, की क्रम बदलू शकतो. मग एफएसटॅबमधले नाव भलत्याच पार्टिशनवर जाते. त्या नावाचे पार्टिशन सापडलेच नाही, तर सिस्टिमडी (बूटची कामे सांभाळणारा प्रोग्रॅम) सहसा 90 सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या टर्मिनलमध्ये, जाते.

टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' (lsblk -f) चालवा. प्रत्येक फाइलसिस्टिमसमोर यूयूआयडी (UUID, तिचा ओळख क्रमांक) दिसेल. तो फाइलसिस्टिमच्या आतच लिहिलेला असल्याने केबल किंवा पोर्ट बदलला तरी तोच राहतो. एफएसटॅबमध्ये तो लिहा आणि रीबूट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' (findmnt --verify) चालवून चूक नाही ना ते बघा. काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (nofail) जरूर घाला, म्हणजे ती डिस्क नसली तरी बूट अडत नाही.

इथेही पाय घसरतो तो क्लोनिंगमध्ये: डीडीने (dd, डिस्कची हुबेहूब प्रत काढणारी कमांड) बनवलेल्या प्रतीचा यूयूआयडी मूळ डिस्कचाच असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र जोडून बूट करू नका. फॉरमॅट केल्यावर मात्र तो नवा होतो. आणि इनिटरॅमएफएस (initramfs, बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) नसेल, तर रूटसाठी, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिमसाठी, कर्नलला पार्टयूयूआयडी (PARTUUID, पार्टिशनचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नल स्वतः शोधत नाही.