मेनिंजायटिसच्या टेस्ट आल्या कुठून

मेनिंजायटिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाला येणारी सूज) संशय आला की डॉक्टर म्हणतात मणक्यातलं पाणी काढून तपासू, आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पेशंट पांगळा होईल ही भीती अजून गेलेली नाही (खरं तर सुई घालतात त्या जागेच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो). पण गंमत अशी की हे पाणी काढायला सुरुवात झाली ती तपासणीसाठी नव्हेच. १८९१ मध्ये जर्मनीत कीलला हाइनरिश क्विंकेंनी कंबरेत सुई घातली ती डोक्यात पाणी साठलेल्या मुलांचा दाब उतरावा म्हणून, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर टीबी मेनिंजायटिसच्या पेशंटवर तेच करत होते, कारणही तेच.

जंतू तोवर माहीत झाले होते. टीबीचा कॉखनी १८८२ ला दाखवला, १८८४ ला जंतू रंगवून ओळखायचा ग्रॅमचा रंग आला, १८८७ ला व्हिएन्नात वाइक्सेलबाउमनी मेनिंगोकॉकस (मेनिंजायटिस करणारा एक जंतू) वेगळा केला, पण तो मेलेल्या पेशंटमधून! जिवंत माणसात बघायचा रस्ता क्विंकेंच्या सुईने उघडला, आणि त्यांनी लगेच त्या पाण्याचा दाब, प्रोटीन, साखर असं सगळं मोजायला घेतलं. १९०१ च्या आसपास पॅरिसमध्ये विडाल (हो, टायफॉइडच्या टेस्टवालेच) आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या पेशी बघून निदान करायला सुरुवात केली, न्यूट्रोफिल जास्त तर बहुतेक पू करणारे जंतू, लिम्फोसाइट जास्त तर टीबी किंवा, हे पुढे कळलं, व्हायरस (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार).

आजही लॅबमध्ये पहिलं काम हेच. चांगलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, पेशी एका घन मिलिमीटरमध्ये फार तर ५, गढूळ दिसलं की टेक्निशियन सावध होतो, आणि टीबीत ट्यूब तशीच ठेवली तर कधीकधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते, ती काढून स्लाइड केली तर जंतू सापडायची शक्यता वाढते. कल्चरची (जंतू वाढवून बघायची) ट्यूब मात्र फ्रिजमध्ये टाकायची नाही, मेनिंगोकॉकस गारठ्यात मरतो.

अँटिबायोटिक आले आणि जीव वाचले, पण लॅबची पंचाईत झाली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन पडलेलं असतं, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. म्हणून आधी जंतूंचं अँटिजेन (जंतूच्या अंगचा ओळखीचा पदार्थ) पकडणाऱ्या लॅटेक्स टेस्ट आल्या, मग डीएनएच्या प्रती वाढवून जंतू ओळखणारी पीसीआर, जिला मेलेल्या जंतूचा डीएनएही चालतो. २०१५ ला अमेरिकेत मंजुरी मिळालेलं फिल्मअॅरे पॅनल साधारण तासाभरात १४ जंतू-व्हायरस-बुरशी तपासतं, भारी आहे पण महाग.

आपल्याकडे खरी डोकेदुखी टीबीची. पाण्यात जंतू इतके थोडे की स्लाइडवर बहुतेक वेळा दिसतच नाहीत, घन माध्यमावरच्या कल्चरला ८ आठवडेही लागतात, आणि तेवढी वाट बघायला पेशंटकडे वेळ नसतो. २०१३ मध्ये डब्ल्यूएचओने यासाठी एक्सपर्ट (Xpert, टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशिनवरची पीसीआर) टेस्ट आधी करा म्हणून सांगितलं, रिपोर्ट दोनेक तासात येतो, पण निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही, त्यामुळे पेशी, प्रोटीन, साखर बघून डॉक्टर औषध सुरू करून टाकतात.