हँडलखालच्या वाटीची गोष्ट

जुन्या सायकलचं पुढचं चाक जरा उचला आणि हँडल एका बोटाने हळूच फिरवा. चाक सरळ आलं की हँडल तिथेच अडकतं का? तसं असेल तर हेडसेटच्या वाटीत छर्‍यांनी खळगे पाडलेत. हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत वर-खाली बसणारी बेअरिंगची जोडी. खळगे बहुधा खालच्या वाटीतच पडतात, कारण रस्त्याचा दणका आधी तिला बसतो. हेडसेटच्या बऱ्याच प्रकारांचं मूळ या वाटीत आहे.

विसावं शतक बहुतांशी आटेवाल्या हेडसेटचं. चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, नळीला वर आटे, त्यावर फिरवून बसवलेली वाटी आणि तिला आवळणारा चेकनट. आपल्या काळ्या रोडस्टर सायकली अशाच. काम दोन पान्यांचं: एकाने वाटी धरायची, दुसऱ्याने नट आवळायचा. आवळताना वाटी केसभर सरकली की पुन्हा पहिल्यापासून.

१९८०च्या दशकात माउंटन बाइक दगडधोंड्यांतून धावू लागल्या आणि हे चेकनट ढिले पडू लागले. चिमट्याची नळी एक इंचाहून जाड करत सव्वा इंचापर्यंत नेऊन पाहिली. टिकलं ते २८.६ मिलिमीटरचं माप. खरी उडी मात्र अमेरिकेच्या जॉन रेडर यांची. त्यांनी आटेच काढून टाकले आणि हँडलची मान, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा, नळीला बाहेरून आवळली. डाय-कॉम्पे कंपनीने हीच रचना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अहेडसेट’ नावाने बाजारात आणली. कारखान्यांनाही ती सोयीची होती: प्रत्येक फ्रेमसाठी वेगळ्या लांबीचा, आटे पाडलेला चिमटा ठेवायची गरज उरली नाही. यात वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगवर नेमका दाब आणतो, हँडल धरून ठेवतात ते मानेचे बाजूचे बोल्ट. ते सैल न करता टोपी पिळत बसणं ही आजही सर्रास होणारी चूक आहे. एक सोय मात्र गेली, आणि मला ती हवीहवीशी वाटते: जुन्या हँडलची मान सहज वर ओढून उंची वाढवता यायची. इथे नळी एकदा कापली की कापली.

पुढे वाट्या फ्रेमच्या नळीच्या आत गेल्या, मग काही फ्रेममध्ये वाट्याच उरल्या नाहीत. बेअरिंग थेट फ्रेमच्या खोबणीत बसलं. शेवटी खालच्या दणक्यासाठी चिमट्याची नळी निमुळती झाली, वर २८.६ मिलिमीटर आणि खाली दीड इंच.

मापांचा गोंधळ इतका वाढला की हेडसेट बनवणाऱ्या केन क्रीक कंपनीने सांकेतिक पद्धत आखली: ईसी म्हणजे बाहेरची वाटी, झेडएस म्हणजे आतली, आयएस म्हणजे बिनवाटीची. पुढचा आकडा फ्रेमच्या भोकाचा, मिलिमीटरमध्ये. बिनवाटीच्या प्रकारात बेअरिंगच्या कडेवर कोनही कोरलेले असतात, ३६ आणि ४५ अंश किंवा दोन्हीकडे ४५. नवीन बेअरिंग मागवण्याआधी जुनं पुसून ते आकडे वाचा.