डोंगरउतारावरची दुर्बीण: गोविंद स्वरूप यांचं विज्ञान

दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी फार क्षीण असतात. त्या टिपायला अवाढव्य ॲन्टेना लागतो आणि पृथ्वी फिरत असताना तो आकाशातल्या एकाच ठिकाणावर रोखून धरावा लागतो. खर्च चढतो तो इथेच. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्टॅनफर्ड सोडून 1963 मध्ये 'टीआयएफआर'मध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आलेल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी यावर काढलेली तोड मला भारतीय विज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

उटीचा अक्षांश सुमारे 11 अंश. स्वरूप यांनी तिथे दक्षिणोत्तर पसरलेला, तेवढ्याच उताराचा डोंगर शोधला आणि त्यावर 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद, पन्हळीसारखा ॲन्टेना उभारला. उतार अक्षांशाइतकाच असल्याने त्याचा लांबीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता या एकाच आसाभोवती तो सावकाश फिरवत राहिलं, की स्रोताचा तासन् तास पाठलाग करता येतो. अवजड, गुंतागुंतीची यंत्रणा लागतच नाही!

ही दुर्बीण 1970 मध्ये सुरू झाली. तिला बारकावे दाखवायला मदत केली चंद्राने. चंद्राची कड रेडिओ स्रोतावरून सरकताना संदेश कसकसा मावळतो, त्यावरून स्रोताचा आकार काढता येतो. अशा शेकडो मोजणींतून दिसलं, की विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं, ते बदलत आलं आहे. विश्वाला सुरुवात होती आणि ते बदलत आलं, असं सांगणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धान्ताला हा मोठा आधार होता.

पुढे स्वरूप यांच्याच पुढाकाराने जुन्नर तालुक्यात खोडदजवळ 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्यांच्याकडे जवळून पाहिलं तर भरीव पत्रा कुठेच नाही, ताणलेल्या तारांवर बसवलेली बारीक जाळी आहे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, तर टिपायच्या लहरींची लांबी 21 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. अशा लहरीला ती भोकं जाणवत नाहीत, ती परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा दाब घटला की सांगाडा हलका होतो आणि खर्चही उतरतो.

अतिदूरच्या हायड्रोजनचा वेध घेणं हे 'जीएमआरटी'मागचं एक मूळ उद्दिष्ट होतं. स्वरूप 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात निवर्तले. पुढच्याच महिन्यात, याच दुर्बिणीने 7,653 दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं मोजमाप केल्याचं प्रसिद्ध झालं.